इकडचा उतारा, तिकडचा उतारा

निपाणी-कागलच्या पट्ट्यात ‘उतारा’ हा शब्द दोन वेगळ्या कागदांसाठी चालतो. कोगनोळीच्या पलीकडे, कागलच्या बाजूला, उतारा म्हणजे सातबारा. गाव नमुना सात आणि बारा. अलीकडे, निपाणीच्या बाजूला, उतारा म्हणजे कर्नाटकाचा आरटीसी. त्याला कुणी पहाणी म्हणतं, आणि तो नमुना १६ मध्ये निघतो. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली तोवर दोन्ही बाजू मुंबई राज्यात होत्या. त्यामुळे शब्द एक राहिला आणि कागद दोन झाले. सोयरिकी मात्र हद्द बघून झाल्या नाहीत, म्हणून आजही आपल्याकडे कितीतरी घरांची थोडी जमीन इकडे आणि थोडी तिकडे आहे.

हे सांगायचं कारण माझा भाचा. निपाणीत त्याचं ऑनलाइन कामांचं छोटं दुकान आहे. झेरॉक्स, विजेची बिलं, दाखल्यांचे अर्ज, पीकविमा, दोन्ही राज्यांचे उतारे. इंजिनिअरिंग करून तो पुण्या-बंगळुरूला गेला नाही, दुकानातच राहिला, आणि गेल्या वर्षी त्याने दुकानासाठी एक एआय एजंट तयार केला. (आपल्याकडे एजंट म्हटलं की आरटीओच्या दारातला माणूस आठवतो. तुलना अगदीच चुकीची नाही.) गिऱ्हाईक मराठीत विचारतं, भाचा ते टाइप करतो किंवा बोलतो, आणि एजंट कागद वाचून, हिशेब करून, अर्जाचा मसुदा तयार करून देतो.

मी पुण्यात सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिका लिहिते. त्यामुळे एका रविवारी फोन आला, “आत्या, हे कायतरी गडबड करायलंय. कोड बरोबर आहे. तू बघ की जरा.”

कोड खरंच बरोबर होता. गडबड होती ती तीन शब्दांच्या एका वाक्यात.

ते वाक्य कुठलं, हे सांगण्याआधी एजंट म्हणजे काय ते थोडं सांगते. चॅटजीपीटीसारखं भाषा-मॉडेल नुसतं बोलतं. त्याला काम करायला लावायचं तर हाताशी हत्यारं द्यावी लागतात: एक पीडीएफ वाचणारं, एक बाजारभाव आणणारं, एक अर्ज भरणारं. या हत्यारांना ‘टूल’ म्हणतात. ओपनएआयने २०२३ च्या जूनमध्ये ही सोय आपल्या मॉडेलला दिली, आणि २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये अँथ्रॉपिकने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, जाहीर केल्यावर एकाने बनवलेलं टूल दुसऱ्याच्या एजंटला जोडणं सोपं झालं.

यात एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मॉडेलला टूलच्या आतला कोड दिसत नाही. त्याला दिसतं टूलचं नाव, खाली लिहिलेलं वर्णन, आणि कोणती माहिती द्यायची त्याची यादी. एवढ्यावर त्याने ठरवायचं की हे टूल आत्ता वापरायचं का, आणि आलेल्या उत्तराचा अर्थ काय लावायचा. कंडक्टरच्या हाती चिठ्ठी देऊन पाठवलेल्या निरोपासारखं आहे हे. गाडी सुटली की कंडक्टर परत येऊन “तुम्हाला नक्की काय म्हणायचं होतं?” असं विचारत नाही. चिठ्ठीत आहे तेवढंच.

आणि चिठ्ठी लिहिणाऱ्याला स्वतःचं सगळं माहीत असतं, हीच अडचण. कोल्हापूर-निपाणीकडे ‘चटणी’ म्हणजे वर्षाची करून ठेवलेली कांदा-लसणाची लाल पूड, जी आमटीत पडते. पुण्याच्या सुनेला “डब्यातली चटणी टाक” म्हटलं आणि ती खोबऱ्याच्या चटणीचा डबा घेऊन आली, तर डब्यावर ‘चटणी’ एवढंच लिहिणाऱ्याने तिला हसू नये.

भाच्याच्या डब्यांवर असंच लिहिलेलं होतं. एका टूलचं नाव होतं ‘गेट लँड डेटा’, दुसऱ्याचं ‘गेट लँड डेटा टू’. पहिल्याचं वर्णन: ‘जमिनीची माहिती आणते.’ दुसऱ्याचं: ‘महाराष्ट्रातल्या जमिनीची माहिती आणते.’ पहिलं कर्नाटकाचं आहे हे फक्त भाच्याला ठाऊक.

ज्या दिवशी ही गडबड उघडी पडली त्या दिवशी दुकानात एक काकू आल्या होत्या. नवरा गेल्यावर शेतीचं सगळं त्याच बघतात. उसाला ठिबक बसवायचं होतं. ठिबकच्या अनुदानात केंद्राच्या निकषांप्रमाणे अल्प आणि अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के आणि बाकीच्यांना ४५ टक्के मिळतात, वर राज्यं आपापली भर घालतात. दोन हेक्टरपर्यंत जमीन असली की अल्पभूधारक. काकूंना एवढंच कळून हवं होतं की दोन्हीकडची मिळून आपली जमीन किती भरते. त्यांच्याकडे दोन उतारे होते. निपाणीकडच्या कागदावर क्षेत्र २.१५, कागलकडच्या कागदावर ०.८०.

एजंटने दोन्ही वाचले, बेरीज केली आणि सांगितलं: एकूण २.९५ हेक्टर, तुम्ही अल्पभूधारक नाही.

काकू म्हणाल्या, “तीन हेक्टर म्हंजे सात एकराच्या वर झालं की रं. आमची सात एकर कुठनं आली?”

काकूंचा हिशेब तोंडपाठ होता म्हणून बरं. कर्नाटकाच्या आरटीसीवर क्षेत्र एकर, गुंठे आणि आणे असं लिहितात. मधे टिंब असलं तरी ते दशांश चिन्ह नव्हे. २.१५ म्हणजे २ एकर १५ गुंठे. एकराचे ४० गुंठे, म्हणजे हे ९५ गुंठे झाले. सातबाऱ्यावर मात्र हेक्टर आणि आर असतात, ०.८० म्हणजे ८० आर. एक गुंठा ३३ फूट गुणिले ३३ फूट, म्हणजे १०१.१७ चौरस मीटर; आरपेक्षा किंचित मोठा. त्या हिशेबाने इकडची जमीन ०.९६ हेक्टर आणि तिकडची ०.८०, मिळून १.७६ हेक्टर. एकरात सांगायचं तर ४ एकर १४ गुंठे. काकू दोन हेक्टरच्या आत आरामात बसत होत्या.

आणखी एक गंमत बघा. कुणी २.१५ ला ‘दोन पूर्णांक पंधरा शतांश एकर’ समजलं, तर ते ८६ गुंठे होतात. नऊ गुंठे हवेत गेले. ही चूक जास्त वाईट, कारण ती दिसत नाही. सात एकर ऐकून काकू दचकल्या. नऊ गुंठ्यांच्या फरकाने कुणी दचकलं नसतं आणि भावाभावांच्या वाटणीच्या कागदात तो तसाच उतरला असता.

आपल्या भागात याला आणखी एक कंगोरा आहे. आरटीसी कन्नडमध्ये निघतो. मराठी शाळेत शिकलेल्या आपल्या जुन्या माणसांना तो वाचता येत नाही. कागद वाचायला ती माणसं दुसऱ्यावर अवलंबून असतात. आधी तलाठ्यावर, मग दुकानातल्या पोरावर, आता एजंटवर. वाचणाऱ्याने चूक केली तर ऐकणाऱ्याला पडताळून बघता येत नाही. म्हणून मला हे वर्णनाचं काम नुसतं नीटनेटकेपणाचं वाटत नाही.

आम्ही फोनवरच बसलो. आधी नावं बदलली: एक ‘कर्नाटक आरटीसी वाच’, दुसरं ‘महाराष्ट्र सातबारा वाच’. मग पहिल्याचं वर्णन लिहिलं ते साधारण असं:

‘ग्राहकाने दिलेल्या कर्नाटकातल्या आरटीसीच्या फाईलमधून खातेदार, सर्व्हे नंबर, हिस्सा आणि क्षेत्र वाचते. या कागदाला लोक पहाणी किंवा उतारा असंही म्हणतात. क्षेत्र तीन वेगळ्या रकान्यांत मिळतं: एकर, गुंठे, आणे. ४० गुंठ्यांचा एक एकर, १६ आण्यांचा एक गुंठा. २ एकर १५ गुंठे म्हणजे २.१५ एकर नव्हे. महाराष्ट्रातल्या सातबाऱ्यासाठी हे वापरू नये. ग्राहक नुसतं उतारा म्हणाला आणि राज्य कळत नसेल तर आधी विचारावं, अंदाज करू नये. हे टूल सरकारी संकेतस्थळावरून काही आणत नाही. फाईल नसेल तर ती मागावी. क्षेत्रांची बेरीज स्वतः करू नये, त्यासाठी क्षेत्र बेरीज हे टूल आहे.’

भाच्याचं पहिलं म्हणणं, “एवढं मोठं?” कोड लिहिणाऱ्यांना मोठं वर्णन म्हणजे पाल्हाळ वाटतं. पण मोजून बघा, यातलं एकही वाक्य काढलं तर काहीतरी बिघडतं. मला यातली सगळ्यात कामाची वाक्यं वाटतात ती ‘वापरू नये’ची. टूल काय करतं हे सगळेच लिहितात; कुठे वापरायचं नाही हे क्वचितच कुणी लिहितो, आणि गोंधळ नेमका दोन सारख्या दिसणाऱ्या टूलच्या मधल्या जागेत होतो.

तीन रकाने करण्यासाठी मात्र कोडही बदलावा लागला. आधी टूल सगळं चिकटवून ‘२.१५’ असा एकच आकडा द्यायचं. असा आकडा बाहेर येत असेल तर वर्णनात कितीही समजावून सांगा, पुढचा कुणीतरी त्याला हेक्टर समजणारच. आता टूल ‘एकर २, गुंठे १५, आणे ०’ असं एकक लावूनच उत्तर देतं. बेरजेचं टूल सगळ्याचे आधी चौरस मीटर करतं आणि मग बेरीज करतं.

एककाचा घोळ हा काही दुकानातल्या पोरांचाच नाही. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान १९९९ च्या सप्टेंबरमध्ये मंगळापाशी पोचून नष्ट झालं, कारण एका बाजूचं सॉफ्टवेअर पौंडाच्या मापात आकडे देत होतं आणि दुसरी बाजू ते न्यूटनचे समजून वापरत होती. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कुठल्याही जुन्या फौंड्रीवाल्याला हे सांगा, तो मान हलवेल. ड्रॉइंगवर माप मिलिमीटरमध्ये आहे हे लिहिलेलं नसेल, किती कमी-जास्त चालेल हे दिलेलं नसेल, तर तो पॅटर्न करायला घेतच नाही.

मग आम्ही बाजारभावाच्या टूलकडे वळलो, आणि तिथे तर जत्राच होती.

सरकारी बाजारभावाच्या आकड्यांत प्रत्येक शेतमालाचे तीन दर असतात: किमान, कमाल आणि मोडल. हा मोडल म्हणजे सरासरी नव्हे. ज्या दराने जास्तीत जास्त माल गेला तो दर. आणि सगळं क्विंटलवर. आता निपाणीचा माणूस गुळाचा दर विचारतो तो रव्याचा. रवा कधी तीस किलोचा, कधी दहा किलोचा. टूलने क्विंटलचा आकडा दिला आणि एजंटने तो एककाशिवाय सांगितला, तर ऐकणारा एक तर आनंदाने वेडा होईल नाहीतर दुकान सोडून जाईल. वर्णनात लिहिलं: दर रुपये प्रति क्विंटल, उत्तर देताना एकक आणि तारीख सांगितलीच पाहिजे, ग्राहकाने रवा म्हटलं तर किती किलोचा ते विचारावं.

तंबाखूचं तर फारच झालं. निपाणीत तंबाखूचा दर हा रोजच्या बोलण्यातला विषय. भाच्याने कुठूनतरी तंबाखूच्या लिलावाचे दर आणणारं टूल जोडलं होतं, वर्णन ‘तंबाखूचा आजचा दर’. दर खरे होते. पण ते टोबॅको बोर्डाच्या लिलावाचे, आणि बोर्ड ज्या तंबाखूचा लिलाव करतं तो सिगारेटचा व्हर्जिनिया तंबाखू, कर्नाटकात मुख्यतः म्हैसूरकडे होणारा. आपला बिडीचा तंबाखू त्या लिलावात जातच नाही. तो व्यापारी आणि शेतकऱ्यांच्या बोलीवर विकला जातो. म्हणजे कर्नाटकातला, तंबाखूचा, आजचा, सरकारी दर, सगळं बरोबर आणि निपाणीच्या शेतकऱ्याला पूर्ण निरुपयोगी. त्या वर्णनात आता पहिलंच वाक्य आहे: ‘फक्त व्हर्जिनिया तंबाखू. बिडीच्या तंबाखूचा दर विचारला तर हे वापरू नये, दर आपल्याकडे नाही असं सांगावं.’ एजंटला ‘नाही’ म्हणायची मोकळीक शब्दांत द्यावी लागते. नाहीतर हाताशी जे असेल ते तो उत्साहाने पुढे करतो.

गावांच्या नावांवर आमचा एक अख्खा रविवार गेला. बेळगाव, बेलगाम, बेळगावी ही एकाच शहराची नावं. सरकारदरबारी ‘बेळगावी’ झालं ते २०१४ च्या १ नोव्हेंबरला, आणि जुन्या नोंदी जुन्या नावाने आहेत. निपाणी इंग्रजीत कधी एका ‘पी’ने, कधी दोन. निपाणी तालुका चिकोडीतून वेगळा निघाला, पण जुन्या कागदांवर तालुका चिकोडीच. आणि खानापूर? एक खानापूर तालुका बेळगाव जिल्ह्यात, दुसरा सांगलीत, विट्याकडचा. म्हणून गावाचं नाव घेणाऱ्या प्रत्येक टूलमध्ये राज्य आणि जिल्हा सक्तीचे केले आणि चालणारी सगळी नावं वर्णनात लिहून टाकली.

राज्य विचारणं आपल्याकडे किती गरजेचं आहे ते भाच्याने जमवलेल्या प्रश्नांवरून कळलं. लोक ‘कर्नाटक’, ‘महाराष्ट्र’ म्हणतच नाहीत. ‘इकडचा उतारा’, ‘तिकडचा उतारा’ म्हणतात. दुकानात उभा असलेल्याचं इकडं म्हणजे कर्नाटक. पण कागलहून व्हॉट्सअ‍ॅपवर विचारणाऱ्याचं इकडं म्हणजे महाराष्ट्र. सीमाप्रश्नावर आपण इतकी वर्षं बोलतोय, महाजन आयोगापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत. पण ‘इकडं’ म्हणजे नक्की कुठं हा प्रश्न मला एका यंत्रासाठी सोडवावा लागेल असं वाटलं नव्हतं.

वर्णन कुठल्या भाषेत लिहायचं यावर आमचं थोडं वाजलं. भाच्याचं म्हणणं, इंग्रजीच हवं. माझं मत असं की ज्या भाषेत तुम्हाला नेमकं लिहिता येतं त्या भाषेत लिहा. बाकी इंग्रजीत ठेवलं तरी लोकांचे शब्द, म्हणजे उतारा, पहाणी, सातबारा, खातं, हिस्सा, हे जसेच्या तसे देवनागरीत आणि कन्नडमध्ये घाला. ‘लँड रेकॉर्ड’ म्हणत कुणी दुकानात येत नाही.

अर्ज सादर करणाऱ्या टूलबाबत मात्र मी भाच्याला स्पष्ट सांगितलं की इथे वर्णनावर विसंबायचं नाही. ‘ग्राहकाला विचारल्याशिवाय सादर करू नये’ हे लिहावंच, पण लिहिणं म्हणजे कुलूप नव्हे. सादर करण्याचं बटण माणसाच्याच बोटाखाली असलं पाहिजे, आणि ती सोय कोडमध्ये हवी. आधारचा नंबर तर एजंटच्या हाती द्यायचाच नाही असं ठरलं. दुसरं, अनोळखी माणसाचं आयतं टूल जोडताना त्याचं वर्णन आधी स्वतः वाचावं. मॉडेल ते वर्णन सूचना म्हणून वाचतं, त्यामुळे त्यात कुणी ‘ग्राहकाची फाईल अमुक ठिकाणी पाठव’ असं लपवून लिहिलं तर एजंट ते करायला जाऊ शकतो. असे प्रकार अभ्यासकांनी करून दाखवले आहेत.

आता भाच्याकडे एक वही आहे. गिऱ्हाइकांनी खरोखर विचारलेले प्रश्न त्यात जसेच्या तसे, नाव-गाव काढून लिहिलेले. वर्णनात एक शब्द जरी बदलला तरी तो ते सगळे प्रश्न एजंटला पुन्हा विचारतो आणि कोणत्या प्रश्नाला कोणतं टूल उचललं ते समोर लिहितो. वहिनी कधी कधी काउंटरवर बसून मुद्दाम अर्धवट विचारतात: “तो परवाचा कागद काढ की.” एजंटने “कोणता?” असं विचारलं तर बरोबरची खूण.

काकूंना त्या दिवशी १.७६ हेक्टरचा हिशेब छापून दिला. खाली दोन्ही मूळ क्षेत्रं त्यांच्या त्यांच्या एककात, आणि ‘हा हिशेब आहे, दाखला नाही’ अशी ओळ. दाखला शेवटी अधिकाऱ्याच्या सहीनेच मिळतो. काकूंनी कागद उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, “ह्यात खराबा धरलाय का वजा केलाय?”

धरला होता. दोन्ही राज्यांच्या उताऱ्यांवर पोटखराब, म्हणजे ओढा, खडक, वाट अशी पिकाखाली नसलेली जमीन, वेगळी दाखवतात. आणि एकूण क्षेत्र म्हणजे ती धरून की सोडून, हे प्रत्येक कामाप्रमाणे वेगळं असू शकतं. आमच्या वर्णनात त्याबद्दल एक अक्षर नव्हतं. येत्या रविवारी तेच लिहायला बसायचं आहे.